आदामाचे पाप आणि अर्भकाचा दोष

‘आदिपाप’ हा शब्द दोन भिन्न कल्पनांसाठी वापरला जातो. आदाम व हव्वा यांच्या आज्ञाभंगाचे परिणाम, म्हणजे मृत्यू, क्लेश आणि वासनांचे प्राबल्य, सर्व मानवजातीला भोगावे लागतात, ही पहिली कल्पना. दुसरी अधिक कठोर आहे. तिच्यानुसार परिणामांबरोबर त्या कृत्याचा दोषही प्रत्येक मनुष्याकडे जन्मतःच येतो. कर्जबाजारी पित्याच्या मुलाला दारिद्र्य वारशाने मिळावे, ही एक गोष्ट. पित्याने केलेल्या खुनाबद्दल मुलाला खुनी ठरवावे, ही अगदी निराळी. भारतीय वाचकाला येथे कर्मसिद्धान्ताची आठवण होईल. परंतु तेथे जीव स्वतःच्याच पूर्वकर्माचे फळ भोगतो, येथे प्रश्न दुसऱ्याच्या कृत्याचा आहे.

जुन्या करारातील यहेज्केल संदेष्ट्याने पित्याच्या अपराधाचा भार पुत्रावर पडत नाही, असे १८व्या अध्यायात निःसंदिग्धपणे प्रतिपादिले आहे. असे असताना वारशाने येणाऱ्या दोषाची कल्पना पश्चिमेकडील ख्रिस्ती धर्मविचारात रुजली, ती मुख्यतः उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याच्यामुळे. त्याचा एक आधार म्हणजे पौलाच्या रोमकरांस पत्रातील ५व्या अध्यायाचे १२वे वचन. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा आहे, असे बहुतेक आधुनिक अभ्यासक मानतात. ऑगस्टीनपुढील लॅटिन भाषांतरातून मात्र ‘ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केले’ असा अर्थ निघत होता. ‘ज्याच्या’ म्हणजे आदामाच्या, असे घेतले की सारी मानवजात त्या पहिल्या अपराधात सहभागी ठरते.

तथापि हा सिद्धान्त केवळ भाषांतराच्या चुकीतून जन्मला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पापक्षमेसाठी दिला जाणारा बाप्तिस्मा अर्भकांनाही दिला जात असे. ज्याने अद्याप काहीच केलेले नाही, त्याला क्षमा कशाची? प्रचलित विधी निरर्थक नसेल, तर अर्भकाच्या ठायी काही दोष असलाच पाहिजे, असा ऑगस्टीनचा युक्तिवाद होता. बाप्तिस्म्याविना मरण पावलेल्या बालकांना, अगदी सौम्य का होईना, शिक्षा होते, हा निष्कर्षही त्याने स्वीकारला.

मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्यावर भर देणाऱ्या पेलाजियसच्या मतांचा ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने निषेध केला. पुढे इटलीतील एक्लानमचा बिशप ज्युलियन याने हा वाद चालविला. स्वतः केलेली पापे क्षमा करणारा ईश्वर परक्याचे पाप अर्भकाच्या माथी कसे मारील, असा त्याचा आक्षेप होता. ऑगस्टीनचे उत्तर तितकेच गंभीर आहे. अर्भके आंधळी जन्मतात, व्याधींनी तळमळतात. ती सर्वस्वी निर्दोष असतील, तर न्यायी ईश्वराच्या राज्यात त्यांना हे भोग का?

पूर्वेकडील ग्रीक परंपरेने निराळी वाट धरली. आदामाकडून मृत्यू आणि भ्रष्टता यांचा वारसा येतो, वैयक्तिक दोषाचा नव्हे, असे ती मानते. अर्भकांना बाप्तिस्मा तेथेही दिला जातो. परंतु तो ईश्वराशी ऐक्य आणि नवजीवन देणारा म्हणून. अर्भकांनी पाप केले नसतानाही त्यांना बाप्तिस्मा देण्याची कारणे जॉन क्रिसॉस्टमने चौथ्या शतकातच सांगितली होती.

पश्चिमेतही विचार एकाच जागी थांबला नाही. बाराव्या शतकात आबेलारने शिक्षेची पात्रता आणि प्रत्यक्ष दोष यांत भेद केला. मध्ययुगीन पंडितांनी अशा बालकांसाठी ‘लिंबो’ या यातनारहित अवस्थेची कल्पना मांडली. धर्मसुधारणेच्या काळात ल्यूथरपंथीयांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग येथील श्रद्धानिवेदनाने आदिपाप हे खरोखरच दंडनीय पाप ठरविले. झ्विंग्लीने मात्र त्याला रोगाची उपमा दिली. ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये कॅथलिक सिद्धान्त निश्चित केला. तरीही १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात आदिपाप हे केलेले कृत्य नसून प्राप्त झालेली अवस्था आहे आणि त्याला ‘पाप’ केवळ सादृश्याने म्हणतात, असे स्पष्टीकरण आहे. लिंबो हा श्रद्धेचा बंधनकारक सिद्धान्त नाही आणि अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ कारणे आहेत, असे मत रोमच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने २००७ मध्ये प्रसिद्ध केले.

या दीर्घ प्रवासात ज्युलियनच्या न्यायबुद्धीला पुष्कळसे मान्य झालेले दिसते. पण त्यामुळे ऑगस्टीनचा प्रश्न निकालात निघत नाही. अर्भक निर्दोष आहे असे म्हटल्याने त्याची वेदना कमी होत नाही. उलट, ती अधिकच अनाकलनीय होते. दोषाचा वारसा नाकारणाऱ्यालाही दुःखाच्या वारशाचा विचार करावाच लागतो.