बुश कोणाचा?

बारामती एमआयडीसीत छोटे मशीन शॉप चालवणाऱ्याने स्पर्धकाशी वैर धरून भागत नाही. दसऱ्याच्या आसपास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायला लागतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, सगळीकडची ओव्हरहॉलिंगची कामे त्याआधी एकदमच अंगावर येतात. मग कोटेशनमध्ये ज्याच्याशी रुपया-दोन रुपयांवरून झोंबलो, त्यालाच फोन लावायचा : "भाऊ, लेथ रिकामा आहे का?"

असेच एकदा पंपाच्या गनमेटल बुशांचे अर्धे काम मी इंदापूरकडच्या एका शॉपला दिले. ड्रॉइंग एक, कास्टिंग एकाच फाउंड्रीचे. दोघांचा माल एकाच पेटीतून कारखान्यात गेला. ट्रायलला एक बुश शाफ्टवर आवळला. मी म्हणालो त्याचा, तो म्हणाला माझा. स्टोअरकीपरने दोघांचेही ऐकले नाही, अख्खी पेटी परत पाठवली.

सगळे बुश पुन्हा मोजले तेव्हा काही बोअर लहान निघाले. काम मे महिन्यातले. लेथवरून उतरवलेला गरम बुश कोणीतरी तसाच मोजला होता. १०० मिलिमीटरचा गनमेटलचा बोअर २० अंश थंड झाला की साधारण ३५ मायक्रॉन आवळतो. क्लिअरन्सचा मोठा घास तिथेच गेला. कोणीतरी म्हणजे कोण, ते आजही सांगता येत नाही, कारण बुशावर कोणाचीच खूण नव्हती.

तेव्हापासून काम बाहेर गेले की ज्याचा माल त्याचा पंच, शिवाय कास्टिंगचा हीट नंबर. दोन्ही शॉपमध्ये एकाच मापाचा प्लग गेज, आणि मोजमाप माल पूर्ण निवल्यावरच. आपल्या शेजारच्या वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेट मोटारींची आवरणे बनतात, लार्सन अँड टुब्रोही तीच बनवते. दोन्हीकडे पत्र्यापासून वेल्डिंगपर्यंत सगळ्याची नोंद राहते. आपल्याला निदान पंच तरी परवडतो!

आता कागद. कच्चा माल जॉबवर्कला पाठवताना चलन हवेच. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे तो वर्षाच्या आत परत यावा लागतो. रिजेक्शनचा खर्च कोणाकडे, हे ऑर्डरवरच लिहा. समोरचा उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योजक असेल तर लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. त्याचे पैसे अडकवून ठेवणारा पुढच्या हंगामात लेथ शोधत फिरतो.

"माझ्या गिऱ्हाइकाकडे जायचे नाही" ही अट बरेच जण लिहून घेतात आणि निर्धास्त होतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरवते, त्यामुळे काम संपल्यावर ही अट कोर्टात टिकणे अवघड. त्यापेक्षा मधले एखादे ऑपरेशनच बाहेर द्या. फिनिशिंग, शेवटची तपासणी आणि डिलिव्हरी स्वतःकडे ठेवा. गिऱ्हाइकाचे नाव असलेले ड्रॉइंगही पाठवू नका, आपला पार्ट नंबर टाकून नवे काढा.

यंदा ज्यांनी काम वाटून दिले असेल, त्यांनी माल टेम्पोत चढण्याआधी पंच तेवढे मारून घ्यावेत.