खुब्याचे दुखणे अंगावर काढू नये

जांघेत दुखते, कळ गुडघ्यापर्यंत उतरते, मांडी घालून बसता येत नाही, चालताना पाय लंगडतो. घरातील तरुण मुलाने अशी तक्रार केली की आपण म्हणतो, 'वात असेल.' तेल चोळतो, शेकतो, दुकानातून गोळी आणतो आणि यातच महिने निघून जातात. अशा दुखण्यामागे कधी कधी हाडाचा रक्तपुरवठा बंद पडणे हे कारण असते. डॉक्टर त्यास अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, थोडक्यात 'एव्हीएन' म्हणतात.

हाड मरते म्हणजे काय?

हाड हे निर्जीव दगडासारखे नसते. त्यातील जुना भाग झिजतो व नवा भरला जातो. आम्हा बँकेतील माणसांच्या भाषेत सांगायचे तर हे चालू खाते आहे. रक्त थांबले की भरणा बंद होतो, उचल मात्र चालू राहते. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग खुब्याच्या वाटीत फिरतो. त्यास रक्त पोहोचविणाऱ्या वाहिन्या मोजक्या व बारीक असल्याने हा आजार तेथे अधिक आढळतो. आतून पोकळ झालेला हा गोल एके दिवशी शरीराच्या भाराने खचतो आणि मग सांधाच खराब होतो.

कारणे

खुब्याजवळचे हाड मोडणे, सांधा निखळणे, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे आणि अतिरेकी मद्यपान ही प्रमुख कारणे होत. 2020-21 च्या कोरोना साथीत स्टिरॉइड घेतलेल्या काही रुग्णांतही पुढे हा आजार दिसून आला. सांधेदुखीवरील बेनामी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते, म्हणून त्या घेऊच नयेत. मात्र डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइड आपल्या मनाने एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

आपल्या भागातील कारण : सिकलसेल

विदर्भात बौद्ध समाजात व आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडाकडे जाणारी वाट अशी वारंवार अडली की हाडाचा तो भाग मरतो. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाचे खुब्याचे किंवा खांद्याचे दुखणे बरेच दिवस टिकले तर 'नेहमीचीच कळ आहे' असे समजू नये.

तपासणी व उपचार

सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही. 'फोटो चांगला आला' म्हणून निश्चिंत न होता अस्थिरोगतज्ज्ञांना एमआरआयबद्दल विचारावे. एका बाजूला आजार आढळल्यास दुसरा खुबाही तपासून घ्यावा. गोल खचण्यापूर्वी निदान झाले तर पायावरील भार कमी करणे, औषधे, व्यायाम, तसेच हाडात छिद्र पाडून आतील दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया असे मार्ग असतात. ते प्रत्येक वेळी यशस्वी होतातच असे नाही, परंतु संधी असते ती याच काळात. गोल खचल्यावर बहुधा कृत्रिम सांधा बसवावा लागतो. तरुण रुग्णास तो आयुष्यात पुन्हा बदलावा लागू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी सिकलसेलची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी, कारण रक्त, पाणी व प्राणवायू यांची विशेष तयारी करावी लागते.

आपले कर्तव्य

ओझी उचलणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसाचा खुबा गेला की घराची मिळकत जाते. म्हणून प्रत्येक कुटुंबाने सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्यावी. प्राथमिक चाचणी सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने वाहक कोण व रुग्ण कोण हे निश्चित होते. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. सोयरीक जुळविताना पत्रिकेऐवजी हा अहवाल पाहणे अधिक शहाणपणाचे ठरेल. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून जपावे आणि हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावीत.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. रुग्णांनी प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्यात संकोच बाळगू नये. लंगडणाऱ्या मुलास नावे ठेवण्यापेक्षा त्यास वेळेवर दवाखान्यात नेणे, ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे असे आम्हांस वाटते.