पाण्याची जागा

उरण तालुका खाडीकाठी आहे. खाडीला दिवसातून दोन वेळा भरती येते, दोन वेळा ओहोटी लागते. भरतीचे पाणी ज्या चिखलावर चढते, त्याला खाजण म्हणतात. तिथे तिवरांची झाडे वाढतात.

पुष्कळांना वाटते, ही जागा पडीक. ना भात पिकतो, ना घर बांधता येते. पण तसे नाही. तिवरांचा पाला चिखलात गळतो, कुजतो. त्यावर बारीक जीव जगतात. ते खाऊन कोळंबी, चिंबोऱ्या वाढतात. भाताची रोपे आधी राबात वाढतात, मग शेतात जातात. तशी पुष्कळ मासळीची पिल्ले आधी खाजणात वाढतात, मग समुद्रात जातात.

1989 साली इथे न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. मग गोदामे आली, रस्ते आले. त्यासाठी खाजणांत माती-दगडांचा भराव पडला.

एका रात्री वर्गात एक आजी म्हणाली, "गुरुजी, पूर्वी मी पाटीभर निवट्या घेऊन बाजारात जायची. आता दिवसभर चिखल तुडवला, तरी कालवणापुरतं मिळत नाही."

एक काका म्हणाले, "माझ्या शेतातलं पावसाचं पाणी पूर्वी ओहोटीला उतरायचं. आता चार-चार दिवस उतरत नाही."

गुरुजींनी परात काठोकाठ पाण्याने भरली. तिच्यात वरवंटा ठेवला. पाणी बाहेर सांडले.

"पाणी वाढलं का?" गुरुजींनी विचारले.

"नाही. जागा कमी झाली," आजी म्हणाली.

"बरोबर! भराव म्हणजे हा वरवंटा. खाजण भरलं, नाले बुजले, की पाणी शेतात न् घरात शिरतं."

काका म्हणाले, "पण आपल्या वाडवडलांनीही खारबांद घातलेच की!"

"घातले. पण त्या बांधाला उघाडी असायची. ओहोटीला ती उघडली, की शेतातलं पाणी बाहेर जायचं. भरावाला उघाडी नसते."

मग गुरुजींनी मुंबईची हकीकत सांगितली. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. पाऊस अफाट होता, हे खरे. पण मिठी नदीकाठचे खाजणही भरून टाकले होते. पाण्याला पसरायला जागा उरली नव्हती. शेकडो माणसे दगावली.

"मग बंदर नको का? माझा मुलगा तिथंच कामाला आहे," एक बाई म्हणाल्या.

"काम हवंच, ताई. पण भराव कुठं घालायचा, नाले कसे मोकळे ठेवायचे, हे आधी ठरवावं. ज्याचं पोट जातं, त्याला भरपाई द्यावी. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, तिवरं तोडणं म्हणजे लोकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला. तिवरांभोवती 50 मीटर जागेत बांधकामाला मनाई आहे."

"आणि रात्री कुणी भराव टाकला तर?"

"जागा, तारीख, वेळ लिहून ठेवा. तहसीलदारांकडे न् वन खात्याकडे अर्ज करा. अर्जाची पोच घ्या."

आजी म्हणाली, "अंगठा नाही लावायची. आता मला सही येते."

प्रश्न
1. खाजण मासळीच्या काय उपयोगी पडते?
2. खारबांद आणि भराव यांत फरक कोणता?
3. तुमच्या गावचे पाणी कुठून उतरते? ती वाट मोकळी आहे का?