संगणकाचा पडदा आणि डोळ्यांचा शीण

पुस्तकाचा कागद स्वतः प्रकाशत नाही. खिडकीतून किंवा दिव्यातून आलेला प्रकाश त्याच्यावर पडून विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांत शिरतो. संगणकाचा किंवा मोबाइलचा पडदा मात्र बहुधा स्वतःच प्रकाश देतो. तासभर त्याकडे पाहिल्यावर डोळे चुरचुरतात, कपाळ जड होते, मान वर केली तर दूरचे क्षणभर अंधुक दिसते. हा सारा त्रास पडद्याच्या प्रकाशामुळेच होतो काय? आणि पडदा बदलला तर तो थांबेल काय? दुकानांत ‘डोळ्यांना सुखकर’ अशी चिठ्ठी लावलेले पडदे मिळतात, निळा प्रकाश अडवणारे चष्मेही मिळतात. त्यांवर पैसे खर्च करण्यापूर्वी आपण थोडे भौतिकशास्त्र वापरून पाहू.

फिरता झोत

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ साली कॅथोड किरण नळी तयार केली. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक टीव्ही आणि टेबलावरचे संगणक याच नळीवर चालत. या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतल्या बाजूस दिलेल्या फॉस्फरच्या लेपावर ओळीओळीने फिरतो. झोत जेथे पडतो तेथला ठिपका उजळतो आणि लगेच विझू लागतो. म्हणून संपूर्ण चित्र सेकंदाला ५०, ६० किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने काढावे लागे. दृष्टिसातत्यामुळे ते आपल्याला सलग दिसे. तरीही ६० च्या आसपास वारंवारता असली की अनेकांना लुकलुक जाणवे, विशेषतः डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहताना. दृष्टिपटलाचा कडेचा भाग अशा बदलांना अधिक संवेदनशील असतो, हे त्याचे कारण.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. जी लुकलुक दिसत नाही ती बाधत नाही, असे म्हणता येत नाही. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. तो आपल्याला स्थिरच भासतो. ब्रिटनमधील एका कार्यालयात अशा दिव्यांच्या जागी सेकंदाला हजारो वेळा चालणारे इलेक्ट्रॉनिक चोक लावले, तेव्हा कर्मचाऱ्यांची डोकेदुखी आणि डोळ्यांचा शीण निम्म्याहून कमी झाला. हे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले.

पडद्यामागचा दिवा

आजचा एलसीडी पडदा निराळ्या तत्त्वावर चालतो. त्याच्या मागे एक दिवा असतो. दिवा आणि आपण यांच्यामध्ये दोन ध्रुवक आणि त्यांच्यात द्रव-स्फटिकाचा पातळ थर असतो. विद्युतदाब बदलला की स्फटिकाचे रेणू वळतात आणि कमीअधिक प्रकाश पलीकडे जाऊ देतात. जणू लाखो बारीक झरोकेच! झरोका एकदा उघडला की पुढची आज्ञा येईपर्यंत उघडा राहतो. त्यामुळे हा पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलत असला तरी जुन्या नळीप्रमाणे लुकलुकत नाही.

परंतु मागचा दिवा मंद कसा करतात, हे पाहिले पाहिजे. अनेक पडद्यांत दिव्याचा प्रवाह कमी करत नाहीत. दिवा भराभर चालू-बंद करतात. चालू राहण्याचा काळ जितका कमी, तितका उजेड मंद भासतो. ओएलईडी पडद्यात तर मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो. आणि अशा अनेक मोबाइलमध्ये उजेड कमी करण्यासाठी ठिपके सेकंदाला सुमारे २४० वेळा चालू-बंद होतात. काही पडद्यांत मात्र हा वेग हजारोंत असतो, तर काहींत चालू-बंद करतच नाहीत. म्हणजे एलसीडी की ओएलईडी एवढे विचारून भागत नाही. उजेड कसा कमी केला आहे, हे विचारावे लागते.

करून पाहा

याचे उत्तर घरच्या घरी मिळते. रात्री खोलीतले दिवे मालवा. पडद्यावर कोरे पांढरे पान आणा आणि उजेड बराच कमी करा. पडद्यापुढे वीतभर अंतरावर पेन्सिल उभी धरून ती डावी-उजवीकडे वेगाने हलवा. पंख्याच्या पात्यांसारखा सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर पडदा लुकलुकतो आहे.

हिशोबही सोपा आहे. पेन्सिल सेकंदाला २ मीटर वेगाने हलली आणि पडदा सेकंदाला २०० वेळा लुकलुकला, तर दोन लुकलुकींमधल्या १/२०० सेकंदात पेन्सिल १ सेंटिमीटर सरकते. म्हणून तिच्या प्रतिमा एकेक सेंटिमीटरवर दिसतात. लुकलुक सेकंदाला २००० वेळा असेल तर प्रतिमा १ मिलिमीटरवर येतील आणि एकमेकींत मिसळून जातील. आता उजेड पूर्ण वाढवून प्रयोग पुन्हा करा. पुष्कळदा सुट्या पेन्सिली नाहीशा होतात. असे झाले तर अंधारात उजेड अगदी कमी करून तासन्‌तास वाचण्याऐवजी खोलीत दिवा लावणे आणि पडदा थोडा उजळ ठेवणे बरे.

डोळ्याची बाजू

आता पूर्णपणे न लुकलुकणारा पडदा घेतला, असे समजू. ई-कागदाचा पडदा तसाच असतो. त्यात केसाच्या जाडीइतक्या कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे विद्युतभारित कण असतात. ते वरखाली होऊन अक्षरे उमटतात आणि बाहेरच्या उजेडात कागदासारखी दिसतात. मग यावर वाचताना डोळे मुळीच थकणार नाहीत काय? थकतील! कारण दोन गोष्टी पडद्याच्या जातीवर अवलंबून नसतात.

पहिली, पापणी. प्रत्येक उघडझापीत अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर पसरतो. जपानमध्ये कार्यालयातील कर्मचाऱ्यांवर केलेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की निवांत असताना पापणी मिनिटाला सरासरी २२ वेळा लवते, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाकडे पाहताना ७ वेळा. म्हणजे मन गुंतले की पुस्तकही पापणी रोखते. शिवाय पुस्तक आपण खाली पाहून वाचतो, तेव्हा डोळा अर्धवट झाकलेला असतो. समोर उभ्या पडद्याकडे पाहताना त्याचा सुमारे दुप्पट पृष्ठभाग उघडा राहतो आणि बाष्पीभवन वाढते. चुरचुर येते ती येथून.

दुसरी, अंतर. जवळचे पाहण्यासाठी डोळ्यातील स्नायू आकसतात आणि भिंग अधिक फुगीर होते. ही वाढीव शक्ती डायॉप्टरमध्ये म्हणजे १ भागिले मीटरमधील अंतर. मोबाइल २५ सेंटिमीटरवर धरला तर ४ डायॉप्टर. संगणक ६० सेंटिमीटरवर असला तर सुमारे १.७, आणि ६ मीटरवरचे झाड पाहताना जेमतेम ०.१७. म्हणजे मोबाइल वाचताना डोळ्याला संगणकापेक्षा दुपटीहून अधिक श्रम पडतात, मग मोबाइलचा पडदा कितीही महाग असो.

निळ्या प्रकाशाचे काय?

साध्या पडद्यापेक्षा भर उन्हातला पांढरा कागद सुमारे शंभरपट उजळ असतो, आणि त्या उजेडात निळा प्रकाशही भरपूर असतो. अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२३ साली असे नमूद केले, की पडद्यावर काम करताना निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांमुळे अल्प मुदतीत तरी शीण कमी होत नसावा. अशा चष्म्याचे पैसे डोळे तपासून घेण्यासाठी वापरलेले अधिक चांगले! कारण पुष्कळदा शिणामागे न तपासलेला नंबर असतो. फळ्यावरचे अंधुक दिसू लागले आणि घरच्यांनी सारा दोष मोबाइलला दिला, तर लागणारा चष्मा मिळायला वर्ष निघून जाते आणि अभ्यास मागे पडतो.

तेव्हा पडदा घेताना पेन्सिल बरोबर न्या. तो खिडकीचे प्रतिबिंब पडणार नाही अशा जागी आणि नजरेच्या पातळीच्या थोडा खाली ठेवा. दर वीस मिनिटांनी दूरचे झाड पाहा, पापण्या मुद्दाम मिटा. संध्याकाळी मोकळ्या हवेत खेळा. त्याने मुलांत लघुदृष्टिदोष होण्याचे प्रमाण कमी होते, असे दिसून आले आहे. पडदा निवडणे एकदाच घडते, पाहण्याची सवय मात्र रोजची असते. आज रात्री घरातल्या प्रत्येक पडद्यावर पेन्सिलीचा प्रयोग करा आणि कोणता पडदा किती उजेडावर लुकलुकतो, याचा तक्ता वहीत मांडा.