कार्ल्याच्या खांबांवरील जमाखर्च

बी. कॉम. भाग २

लेणी पाहावीत ती इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी, वाणिज्य शाखेचा तेथे काय संबंध, असे आपल्याकडे सर्रास समजतात. कार्ल्याचे बौद्ध चैत्यगृह पाहिल्यावर हा समज टिकत नाही.

हुबळीहून पुण्यास जावे आणि तेथून लोकलने मळवलीस उतरावे. इंद्रायणीच्या खोऱ्यातून उत्तरेकडील डोंगर चढला की लेणी लागतात. दारातच कोळी समाजाची कुलदेवता एकवीरा हिचे देऊळ आहे. आत सुमारे १२४ फूट लांबीचे दालन, ३७ खांब, टोकाला स्तूप आणि छताला सुमारे दोन हजार वर्षे टिकलेल्या लाकडी फासळ्या दिसतात.

तथापि, पाहणाऱ्याने खांबांवरील ब्राह्मी अक्षरांकडेही लक्ष द्यावे. प्राकृत भाषेतील हे लेख म्हणजे देणगीदारांची नोंदवहीच होय. हे काम कोणा एका राजाच्या खजिन्यातून झालेले नाही. धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी आणि तेथील व्यापारी संघाने खांब दिले. त्याच गावचा गंधी सिंहदत्त व सुतार सामी यांची नावे प्रवेशद्वारापाशी आहेत. कोकणातील बंदरांचा माल याच बाजूच्या घाटांनी देशावर चढत असे. तेव्हा या वाटेवर व्यापाऱ्यांचा पैसा यावा, यात नवल नाही.

आपल्या भाषेत हा झाला भांडवली खर्च. चालू खर्चाची तरतूद निराळी होती. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने पावसाळ्यात येथे राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दान दिले. इमारत उभी राहिली तरी उत्पन्नावाचून संस्था चालत नाही, हे त्या काळीही लोक जाणून होते.

आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा लेख ओसरीत डाव्या टोकाला आहे. हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असून ते वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने पूर्ण केले, असे तो सांगतो. वैजयंती म्हणजे शिरसी तालुक्यातील वरदाकाठची बनवासी, असे बहुतेक विद्वान मानतात. देशपांडे नगरातील मंडळींना बनवासी ठाऊक असते ती कदंबांची राजधानी म्हणून. त्याच्याही आधी तेथील एका शेठजीने आपले द्रव्य मावळच्या खडकात गुंतवले होते. म्हणून कार्ल्यास जाणाऱ्याने बनवासीही अवश्य पाहावी. आपल्या अंकाच्या मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांच्या वाचकांचा या एका लेखावर सारखाच हक्क आहे.