नळी निघण्याची घाई

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यांवर बसलेली माणसं एकमेकांना बाळाचं नाव विचारत नाहीत. बहुतेकांचं बारसंच व्हायचं असतं. विचारतात ते एवढंच, "किती एमएलवर आलंय?" दोन, पाच, दहा असा आकडा चढत गेला की डबा घेऊन आलेल्या आजीचा चेहरा खुलतो. डॉक्टरांनी एखादं फीड थांबवलं की तोच डबा न उघडता घरी परत जातो.

या आकड्याचा हिशेब अवघड नाही. पूर्ण दूध पचू लागलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १५० ते १८० मिली दूध लागतं. म्हणजे दीड किलोच्या बाळाला कमीत कमी २२५ मिली. दर दोन तासांनी द्यायचं तर एका वेळी १९ मिलीच्या आसपास. पण ते दूध बाळाने कसं घेतलं, हे आकड्यातून कळत नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेच्या वाट्याला जे आलं, त्याचं मूळ नेमकं इथे आहे. आज ती ओळखीतल्या इतर आयांना जे सांगते, तेही इथूनच सुरू होतं.

तिची मुलगी गर्भारपणाच्या ३१व्या आठवड्यात जन्मली आणि उबेच्या काचेच्या पेटीत गेली. मुलगी रडायची, आईचं बोट घट्ट धरायची, ओठ चाटायची, तरी दूध नळीनेच. घरच्यांना हे पटत नव्हतं. नळीचं कारण असं, की दूध ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधी बाळ ओढायची धडपड करतं, पण घोट गिळताना श्वास सांभाळणं त्याला जमत नाही आणि दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. म्हणून ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळांना सहसा तोंडातून किंवा नाकातून पोटात घातलेल्या बारीक नळीने दूध देतात. मग वाटी-चमचा किंवा बोंडलं, आणि ३४ आठवड्यांनंतर अंगावर, असा क्रम असतो. हृदयदोष, दुभंगलेली टाळू किंवा स्नायूंचा ढिलेपणा असेल, तर पूर्ण दिवसांच्या बाळालाही नळी लागू शकते.

मुलगी वाटी-चमच्यावर आली आणि सगळ्यांनाच घाई झाली. तोंडाने पूर्ण दूध घेतल्याशिवाय सुटी नाही, आणि बिल तर रोज चढतंय. एका रात्रपाळीत वाटी संपवायच्या नादात आधीचा घोट गिळून व्हायच्या आत पुढचा चमचा तोंडात गेला. मुलगी निळसर पडली, मॉनिटर वाजू लागला, ऑक्सिजन लावावा लागला. ती सावरली, पण दूध पुन्हा नळीवर गेलं. आणि त्यानंतर चमचा नुसता ओठांना लागला तरी ती तोंड फिरवू लागली, उमासे काढू लागली.

नळी काढायची घाई केली, आणि नळीचा मुक्काम वाढला.

पुढे एका स्पीच थेरपिस्टने आईला मुलीच्या खुणा वाचायला शिकवलं. बोलण्याच्या उपचारांसाठी ओळखली जाणारी ही मंडळी गिळण्याच्या अडचणींवरही काम करतात, हे अनेक पालकांना ठाऊकच नसतं. कपाळावर आठ्या पडणं, हाताची बोटं फाकणं, ओठांच्या कडेने दूध ओघळणं, नाकपुड्या फुलणं, मध्येच उचकी लागणं, अंग सैल सोडून झोपी जाणं या सगळ्याचा अर्थ एकच: थांबा. अशा वेळी बाळाला जरा उठतं धरावं, श्वास लागू द्यावा, आणि तरी ते सावरलं नाही तर उरलेलं दूध नळीने जाऊ द्यावं. मूठ तोंडाकडे नेणं, जीभ बाहेर काढणं, मान वळवून शोधाशोध करणं या मात्र भुकेच्या आणि तयारीच्या खुणा. म्हणून ही आई सांगते, सिस्टरना "किती घेतलं?" विचाराल तेव्हा त्याच दमात "कसं घेतलं?" हेही विचारा.

नळी असली म्हणून तोंडाला सुटी नसते. डॉक्टरांची परवानगी असेल तर नळीतून दूध चालू असतानाच बाळाला, आधी दूध काढून मोकळ्या केलेल्या स्तनाला लावता येतं. अशा चोखण्याने नळीवरून तोंडाने दूध घेण्यापर्यंतचा काळ आणि रुग्णालयातला मुक्काम कमी होतो, असं संशोधनात दिसलं आहे. बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवण्याच्या कांगारू केअरलाही नळी आड येत नाही. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी ही पद्धत सुरू केली, ती पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय आणि आफ्रिकेतले चार देश यांचा सहभाग असलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एक ते १.८ किलो वजनाच्या बाळांना, ती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच उराशी धरलं गेलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. छातीशी धरायचं काम बाबाही करू शकतो. साताऱ्याच्या बाबाने ते केलंही.

नळीकडे पालकांचं लक्ष हवं, हात नको. ती किती आत आहे याची सेंटीमीटरची खूण ओठापाशी किंवा नाकापाशी असते. ती खूण लिहून ठेवावी, आणि सरकलेली दिसली की दूध सुरू होण्याआधी सांगावं. नळीतून पोटातला थोडा द्रव ओढून पीएचच्या कागदावर तपासला आणि आकडा ५.५ किंवा त्याखाली आला, तर टोक जठरात असल्याची खात्री बरीच वाढते. हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जुनी रीत पुरेशी नाही. तिच्यावर विसंबू नका, अशी सूचना ब्रिटनमध्ये २००५ सालीच निघाली. दूध शक्यतो दट्ट्या काढलेल्या सिरिंजमधून आपल्या वजनाने उतरू द्यावं, दाबून ढकलू नये. हिरवी उलटी, फुगून ताठ झालेलं पोट, शीमध्ये रक्त किंवा लागलेली धाप दिसली, तर राउंडची वाट न पाहता तिथल्या तिथे डॉक्टरांना बोलवावं.

आईचं दूध टिकवायचं तर दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी ते काढावं लागतं, त्यात रात्रीची एक वेळ हवीच. तरी कमी पडलं तर मिल्क बँकेची चौकशी करावी. आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली.

उरला प्रश्न आजीच्या बाळघुटीचा. सहाण, वेखंड, मायफळ, मध हे सगळं मायेपोटीच येतं. पण मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम हा पक्षाघाताचा आजार होऊ शकतो, आणि गिळायला आधीच अडखळणाऱ्या बाळाला चाटण दिलं तर ठसक्याचीही धास्ती. या घरात आजीला सुनेने नव्हे, तर सुनेच्या विनंतीवरून डॉक्टरांनी समजावलं. आजींनी मग तेल लावायचं काम मागून घेतलं आणि त्याचीही आधी डॉक्टरांना विचारून खात्री केली.

सुटी मिळताना नळी निघालेली असो वा नसो, काही गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: एका वेळचं दूध किती, किती वेळात द्यायचं, वजन कधी करायचं, आणि रात्री नळी निघाली तर कोणाला फोन करायचा. नळीसह घरी जायचं असेल, तर नर्सच्या समोर आपल्या हाताने सगळी फीड देऊन दाखवल्याशिवाय निघू नये. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळावर एक वर्षापर्यंत मोफत उपचार होतात. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात गिळण्याच्या अडचणींबद्दल विचारता येतं. पुढे वरचं खाणं सुरू झाल्यावर साताऱ्याची मुलगी पातळ खिमटीपर्यंत नीट आली, पण घासात शीत लागलं की अडू लागली. तेव्हा आईने थेरपी थांबवली नाही, पुढच्या तारखा घेतल्या.