रिटर्न स्वतः भरायचं की सीएकडे द्यायचं?

जूनच्या मध्यावर फॉर्म 16 हातात पडतो आणि ऑफिसात विचारणा सुरू होते, ‘तुमचं रिटर्न कोण भरतं?’ कोणाचा सीए दोन हजार घेतो, कोणाच्या ओळखीतला माणूस पाचशेत उरकून देतो. आयकर खात्याच्या पोर्टलवर हेच काम फुकट होतं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

उत्पन्न 50 लाखांच्या आत आहे आणि त्यात पगार, एक घर, ठेवींचं व्याज एवढंच असेल, तर आयटीआर-1, म्हणजे ‘सहज’, पुरतो. पगार आणि टीडीएसचे बरेचसे आकडे त्यात आधीच भरून येतात. तुम्ही फॉर्म 16, 26एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता) आणि एआयएस (खात्याकडे नोंदलेल्या तुमच्या व्यवहारांचं पत्रक) शेजारी ठेवून ताळा करायचा. घोळ होतो तो बहुधा व्याजात. टीडीएस कापला नाही म्हणून एफडीचं व्याज करमुक्त होत नाही. वर्षाच्या मधे नोकरी बदलली असेल तर दोन्ही फॉर्म 16 घ्या. प्रमाणित वजावट दोन्ही कंपन्यांनी दिलेली असू शकते, तेव्हा थोडा कर भरावा लागला तर दचकू नका. शेवटी आधार ओटीपीने ई-पडताळणी करायची, तीही 30 दिवसांत. तिच्याशिवाय रिटर्न ग्राह्य धरत नाहीत.

खासगी वेबसाइटी काही शे रुपयांपासून पुढे घेतात, माणसाची मदत मागितली की दर चढतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांचे भाराभर व्यवहार असतील तर ब्रोकरचं स्टेटमेंट थेट चढवता येतं, तेवढ्यासाठी त्या कामाच्या. नुसत्या पगाराला कशाला?

सीएची फी गावाप्रमाणे बदलते. साध्या पगारदाराला साधारण हजार ते अडीच हजार, भांडवली नफा असेल तर दुप्पट-तिप्पट. जीएसटी धरून आहे का, ते आधीच विचारा. 3,000 वर 18 टक्के म्हणजे 3,540. नोटीस आली तर उत्तर त्याच फीत देणार का, हेही विचारून घ्या.

तरीही काही वेळा ही फी स्वस्तच पडते. फ्लॅट किंवा जमीन विकली, एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) केलं, परदेशातून उत्पन्न आलं, तर सीए गाठा. पुण्याच्या आयटी कंपन्यांत अनेकांना परदेशी मूळ कंपनीचे शेअर मिळतात. ते परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवायचे राहिले तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. घर विकणार असाल तर सल्ला सौद्याआधी घ्या. नफा कुठे आणि किती मुदतीत गुंतवला तर कर वाचतो, हे रिटर्न भरताना कळून फारसा उपयोग नसतो.

‘रिफंड मिळवून देतो, त्यातले इतके टक्के माझे’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खोट्या वजावटी दाखवणाऱ्या अशा मंडळींवर आयकर खात्याने जुलै 2025 मध्ये देशभर 150 ठिकाणी कारवाई केली. काहींनी तर घाऊक रिटर्न भरायला तात्पुरते ईमेल उघडून मग सोडून दिले होते, त्यामुळे खात्याच्या नोटिसा न वाचताच पडून राहिल्या. चुकीच्या माहितीवर दंड चुकवलेल्या कराच्या 200 टक्क्यांपर्यंत जातो आणि तो तुम्हीच भरायचा असतो, एजंटने नाही. म्हणून भरणारा कोणीही असो, पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल तुमचाच हवा.

पगारदारांची मुदत एरवी 31 जुलैची. ती चुकली तर 5,000 रुपये विलंब शुल्क (उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल तर 1,000), शिवाय जुनी करप्रणाली निवडता येत नाही. सीएकडे जायचंच असेल तर जूनमध्येच जा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्याला तुमची फाइल नीट बघायला वेळ नसतो.